सगळं धीरजच्या नावावर

धीरज पितांबर पाटील हा माणूस काय करतो, असं लोणखेड्यात कुणालाही विचारा. सांगतील, कॉम्प्युटरमधला मोठा माणूस आहे. शहाद्याच्या रस्त्याला दोन गाळ्यांत त्याचं 'धीरज इन्फोटेक' आहे, बाहेर पुरुषभर उंचीचा फ्लेक्स आहे, फ्लेक्सवर हाताची घडी घातलेला धीरज आहे, आणि आत टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरी आहेत. शिकवायला पगारी मास्तरीण ठेवलेली आहे. धीरज सर काउंटरवर बसतात, चहा मागवतात आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला की त्याला दोन चापट्या मारतात. यापलीकडे त्यांचा संगणकाशी संबंध नाही. त्यांच्या बायकोनं, कामिनीनं, हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. तेव्हापासून तिच्या मनात नवऱ्याविषयी जी तुच्छता साठत गेली ती घरात कुणाला दिसली नाही, कारण मान खाली घालून भाकरी थापणं तिला छान जमत होतं.

कामिनी तापीच्या पलीकडच्या काठची, इंजिनियर झालेली. पुण्यात एका कंपनीत बरी नोकरी होती. बघायला आले तेव्हा सासरे पितांबरभाई, म्हणजे बापू, सोफ्यावर मांडी घालून म्हणाले होते की मुलीनं घरून नोकरी केली तरी आमची काही ना नाही. लग्न झालं, कंपनीनं सगळ्यांना परत ऑफिसात बोलावलं, आणि बापूंची ना तेव्हा बाहेर आली. नोकरी सुटली. धीरज म्हणाला, बरं झालं, आता क्लासचे हिशोब बघ. क्लासचे हिशोब बघायला जेवढं डोकं लागतं तेवढं डोकं कामिनीला भांडी विसळतानाही पुरून उरायचं. मग दुपारचा मोकळा वेळ तिनं दुसरीकडे लावला.

आता ही दुसरीकडची गोष्ट जरा सांगावी लागेल. जगात काही सॉफ्टवेअर अशी असतात की त्यांना मालक नसतो. देशोदेशीची माणसं ती मिळून लिहितात, कुणीही वापरावीत, कुणीही सुधारावीत. याला ओपन सोर्स म्हणतात. फक्त कुणी सुधारणा पाठवली तर ती आत घ्यायची की नाही हे ठरवायला दोन-तीन राखणदार असतात, आणि आत शिरायची चावी त्यांच्याकडेच असते. कामिनीनं धरलेलं असंच एक सॉफ्टवेअर होतं, ढीगभर मजकुरातून हवा तो मजकूर शोधून देणारं. पुण्यात ती ते वापरायची, आणि वापरता वापरता त्यातली एक उणीव तिला रोज टोचायची.

उणीव अशी. समजा तुम्ही शेतीच्या मासिकांचा गठ्ठा त्यात घातला आणि 'केळी करपा' असं शोधलं. केळीवरच्या करपा रोगाची माहिती हवी, एवढंच. तर हे शहाणं काय करायचं, ज्या पानावर हे दोन्ही शब्द कुठेही असतील ते पान वर आणून ठेवायचं. वरच्या कोपऱ्यात केळीचे भाव, खालच्या कोपऱ्यात कांद्यावरचा करपा, आणि हे पान पहिल्या नंबरला. कामिनीचं म्हणणं, शब्द एकमेकांच्या किती जवळ आलेत हे मोजा, आणि जिथे ते शेजारी शेजारी आहेत ते पान आधी दाखवा. ऐकायला सोपं आहे. करायला घ्या म्हणजे कळेल. प्रत्येक शब्दाची प्रत्येक जागा टिपून ठेवायची, तरी साठा फुगू द्यायचा नाही आणि शोध रेंगाळू द्यायचा नाही. 'जवळचा शोध' असं तिनं या कामाचं नाव ठेवलं आणि बसली.

बसायला लॅपटॉप धीरजचा होता, त्याला क्लाससाठी नवा घेतल्यावर उरलेला जुना. खातं उघडताना मोबाइलवर ओटीपी येतो, तर मोबाइल कुणाचा? कामिनीच्या हातातला फोनसुद्धा धीरजच्या आधारकार्डावर घेतलेला, आणि ईमेल लॅपटॉपवर आधीच धीरजचा चालू. आमच्याकडे घर असंच चालतं. वीजमीटर बापूंच्या नावावर, गॅस बापूंचा, ट्रॅक्टर धीरजचा, सुनेची स्कुटीही धीरजची. बाईच्या नावावर असतो तो फक्त उपास. तेव्हा खात्यावरही धीरज पाटील असंच नाव पडलं आणि कामिनीनं ते पडू दिलं. नावाशी काय करायचंय, काम होऊ दे, असं तिला वाटलं. शिकली-सवरलेली बाई, पण ही चूक आमच्याकडचीच बाई करू जाणे, कारण तिला ती चूक वाटतच नाही.

त्या सॉफ्टवेअरचा मुख्य राखणदार युरोपातल्या कुठल्याशा थंडगार गावचा एक म्हातारा होता. कामिनी त्याला मनातल्या मनात म्हाताराच म्हणायची. तिनं पहिला तुकडा पाठवला तेव्हा म्हाताऱ्यानं उलट लिहिलं की हे संथ आहे, वाचायला वाईट आहे, आणि जे करायचंय ते यातून होतही नाही, पुन्हा करा. कामिनीनं ते वाचलं आणि तिला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. शहाद्यात तिच्या कामाला कुणी वाईट म्हटलं नव्हतं, कारण कुणी ते वाचलंच नव्हतं. वा वहिनी, भारी वहिनी, एवढंच. हा एकटा माणूस असा की त्यानं एकेक ओळ वाचून शिव्या घातल्या. सगळ्या जगात तिनं कुणाला मान दिला असेल तर या खवट म्हाताऱ्याला.

तो लिहायचा, 'प्रिय धीरज'. ही उत्तर लिहायची. पहिल्यांदा तिला हसू आलं, आपलं सोंग छान वठलं म्हणून. मग सवय झाली. धीरज पलीकडच्या खोलीत पंख्याखाली घोरत असायचा आणि इकडे प्रिय धीरज म्हाताऱ्याशी वाद घालत असायचा की परिच्छेद बदलला की मोजणी तोडायची की नाही. म्हातारा म्हणायचा, कशाला तोडायची? कामिनी म्हणायची, तोडायचीच. बांधाच्या अलीकडची केळी आणि पलीकडचा ऊस हाताच्या अंतरावर असतात, म्हणून काय दोन्ही एका शेतातले होतात? एका परिच्छेदाचा शेवटचा शब्द आणि पुढच्याचा पहिला शब्द तसेच. म्हाताऱ्यानं बरेच दिवस घेतले आणि लिहिलं की तुझं बरोबर आहे, माझं चुकलं. त्या दिवशी कामिनीनं वरणात दोनदा मीठ घातलं आणि बापूंची बोलणी हसत हसत खाल्ली.

हिवाळ्यात 'जवळचा शोध' आत घेतला गेला. नवी आवृत्ती जगभर गेली. सोबतच्या निवेदनात म्हाताऱ्यानं लिहिलं की या वर्षातलं सर्वांत नेटकं काम धीरज पाटील यांचं. एवढ्यावर तो थांबला नाही. नवख्या लोकांसाठी त्यांची एक सूचनापत्रिका असते, त्यात त्यानं हे काम नमुना म्हणून घातलं. आणि मग कामिनीला, म्हणजे धीरजला, वेगळं पत्र आलं: आम्हाला आणखी एक राखणदार हवा आहे, चावी तुम्हाला द्यावी असं माझ्या मनात आहे, मात्र आजवर आपण एकमेकांना पाहिलेलं नाही, तेव्हा पुढच्या आठवड्यात शनिवारी व्हिडिओवर भेटू, कामाविषयी बोलू, मग ठरवू.

कामिनीनं ते पत्र उभ्यानं वाचलं आणि मग पाटावर बसून पुन्हा वाचलं. राखणदार म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. जगातून कुणीही काहीही पाठवो, ते आत घ्यायचं की नाही हे ती ठरवणार. लोणखेड्यात आज भाजी कुठली हेसुद्धा ती ठरवत नव्हती. ही चावी तिला हवी होती, लग्नानंतर दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. आता नावाचं सांगून टाकू, असं तिनं ठरवलं, आणि पहिल्यांदा धीरजला सांगितलं. तिथेच घात झाला.

धीरजनं पत्र वाचलं. इंग्रजी होतं म्हणून दोनदा वाचलं. मग त्याचा चेहरा असा खुलला की जणू रात्रंदिवस त्यानंच खपून ते काम केलं होतं. संध्याकाळी त्याच्या स्टेटसला ते निवेदन होतं, नावाभोवती लाल गोल काढलेलं. दुसऱ्या दिवशी समाजाच्या ग्रुपवर. तिसऱ्या दिवशी फ्लेक्सवाला येऊन माप घेऊन गेला, कारण 'धीरज इन्फोटेक'च्या खाली आता 'आंतरराष्ट्रीय' असं काहीतरी येणार होतं. कामिनीनं म्हटलं, अहो, नाव बदलून घ्या, म्हाताऱ्याला खरं लिहू. धीरज म्हणाला, लिहू ना, घाई काय आहे, आणि तुझं काय न् माझं काय, घर एकच ना. पुढे म्हणाला की रविवारी समाजाचा गुणवंत सत्कार आहे, यादी छापून झालीय, तेवढा होऊ दे. कामिनीला त्याची कीव आली नाही, रागही आला नाही. चपलेखाली काहीतरी चिकटल्यावर वाटतं तसं काहीतरी वाटलं. पण मूग गिळून बसली, आणि गिळताना स्वतःला म्हणाली की या लोकांशी तोंड वाजवणं आपल्याला शोभत नाही.

तर सत्कार. लोणखेड्याच्या मंगल कार्यालयात झाला. दहावी-बारावीची गुणवंत पोरं पुढच्या रांगेत, पंच मंडळी स्टेजवर, आणि समोर केळी-कापसाच्या बागायतदारांचे पांढरे शर्ट. धीरजला शाल घातली, फेटा बांधला. सूत्रसंचालक म्हणाला की आपल्या धीरजभाईंच्या एका शोधानं जगातली मोठमोठी यंत्रं चालतात. धीरजनं मान लववली. यंत्रं कुठली हे त्याला विचारलं असतं तर त्यानं प्रिंटरचं नाव सांगितलं असतं. मग सपत्नीक म्हणून कामिनीला वर बोलावलं, तिच्या ओटीत नारळ आणि ब्लाउजपीस घातलं, आणि पाठीशी खंबीर उभ्या राहणाऱ्या वहिनी म्हणून टाळ्या वाजवल्या. कामिनी त्या पांढऱ्या शर्टांकडे बघत होती. एकालाही काही कळत नाही आणि टाळ्या मात्र खणखणीत, असं तिच्या मनात आलं.

मग सूत्रसंचालकाला लहर आली. गुणवंताच्या आईनंही दोन शब्द बोलावेत, असं तो म्हणाला. जसोदाबाई, म्हणजे कामिनीची सासू, तिसऱ्या रांगेत बायकांत बसली होती. या बाईविषयी कामिनीचं मत आधीच ठरलेलं होतं. दिवसभर पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे टकामका बघणारी, टीव्हीवरच्या सासवांसाठी डोळे पुसणारी, मुलाच्या ताटात तूप ओतणारी. जसोदाबाई उठली, पदर सावरला, माईक दोन्ही हातांनी धरला. सगळ्यांना वाटलं आता रडेल.

"मन्हा पोऱ्या चांगला शे," ती म्हणाली. "पन हाई काम त्यानं नई शे. हाई समदं कामिनीनी करेल शे. मी रोज देखस. तो ते दुपारले झोपी ऱ्हास."

धीरजच्या फेट्याखाली घामाचा एक ओघळ आला तो कामिनीनं पाहिला. बापूंनी मान खाली घातली. आता फुटलं, असं कामिनीला वाटलं.

आणि सूत्रसंचालक काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, बघा मंडळी, याला म्हणतात आईचा मोठेपणा. स्वतःच्या मुलाचं श्रेयसुद्धा सुनेच्या पदरात टाकते, अशा सासवा घरोघरी हव्यात. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो धीरजच्या शालीलाही मिळाला नव्हता. बायका डोळे पुसायला लागल्या. एका पंचानं उठून जसोदाबाईला नमस्कार केला. म्हातारी गोंधळून माईककडे बघत राहिली, तो बंद आहे की काय अशी. धीरजनं चटकन खाली उतरून आईच्या पाया पडून घेतलं आणि फोटोवाल्यानं तो फोटो काढला.

घरी येताना गाडीत कामिनी मागे सासूच्या शेजारी बसली होती, नारळ मांडीवर. इतके दिवस तिनं सगळ्यांना मनातल्या मनात धुतलं होतं. नवरा ऐतखाऊ, सासरा हेकट, सासू मठ्ठ. आणि मठ्ठ सासू भर सभेत उभी राहून जे बोलली ते हुशार सुनेनं त्या म्हाताऱ्याला साध्या पत्रातूनही कळवलं नव्हतं. कळवायला हरकत कसलीच नव्हती. तिला ते गुपचूप तुच्छ मानणं आवडत होतं, त्यात काही खर्च करावं लागत नव्हतं. हे तिचं तिला कळलं आणि तिला स्वतःचीच किळस आली. तिनं रस्त्यावरच्या उसाच्या गाड्या बघत तोंड बाहेर वळवलं.

शनिवार आला. धीरजनं सगळी तयारी केली होती. हेसुद्धा ऐकण्यासारखं आहे. तो स्वतः कॅमेऱ्यासमोर बसणार, निळा ब्लेझर घालून. कामिनी लॅपटॉपच्या पलीकडे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, हातात क्लासमधला पांढरा फळा आणि मार्कर घेऊन. म्हातारा विचारेल, ती फळ्यावर लिहील, तो वाचेल. बापूंनी घरात मिक्सर लावायला बंदी केली. चावी मिळाल्यावर सगळं तुलाच करायचं आहे, धीरजनं तिला समजावलं, मी काय करणार आहे त्या चावीचं, फक्त नाव राहील. कामिनी बरं म्हणाली. तिनं फळा पुसून घेतला.

म्हातारा पडद्यावर आला. कामिनीला पडद्याची पाठ दिसत होती, तरी आवाज ऐकून तिला ओळख पटली. पत्रात असतो तसाच खरखरीत आणि कामापुरता. हवापाण्याची दोन वाक्यं झाली. धीरजनं इट इज व्हेरी हॉट हियर असं सांगितलं. मग म्हातारा म्हणाला की माझा आवडता प्रश्न आधी विचारतो. परिच्छेदाच्या शेवटी मोजणी तोडायचा तुम्ही आग्रह का धरलात?

धीरजनं डोळे वर केले. कामिनीच्या हातात मार्कर होता, टोपण काढलेला. उत्तर तिला झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं. बांध. एक शब्द लिहिला असता तरी पुरे होतं. तिनं लिहिला नाही. पांढराशुभ्र फळा तिनं तसाच धरून ठेवला.

धीरज खोकला. मग त्याच्या तोंडून ते आलं जे क्लासच्या माहितीपत्रकात सगळीकडे छापलेलं असतं. "बेसिकली, फॉर स्पीड," तो म्हणाला.

म्हातारा सावकाश म्हणाला की त्यानं वेग कमी होतो. यावरच तर आपण बरेच दिवस भांडलो.

कामिनीनं फळा खाली ठेवला, टेबलाला वळसा घालून आली आणि म्हणाली, "उठा." धीरज उठला नाही, म्हणून तिनं खुर्ची ओढली. ब्लेझरची बाही तिच्याकडे वळली तेव्हा ती कॅमेऱ्यात वाकली आणि म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. नाव कसं पडलं, पत्रं कुणी लिहिली, बांधाची गोष्ट, वरणातलं मीठसुद्धा. इंग्रजी तिचं चांगलं होतं, पण त्या दिवशी ते भराभर आलं आणि अडखळत आलं. पडवीतून जसोदाबाई दारात येऊन उभी राहिली. तिला एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं.

म्हाताऱ्यानं तिला पूर्ण बोलू दिलं. मग त्यानं धीरजला विचारलं, सभ्यपणे, नाव घेऊन, की हे खरं आहे का?

इथे त्या माणसानं एक हो म्हटलं असतं तर पुढचं काही सांगायला उरलं नसतं. धीरजनं ब्लेझर सारखा केला. बायकोकडे बघितलं नाही. म्हणाला, टीमवर्क आहे सर, आम्ही दोघांनी मिळून केलंय, हजबंड-वाइफ टीम. आणि हसला.

म्हाताऱ्यानं चष्मा काढून पुसला. मग जे बोलला ते कामिनीकडे बघून बोलला, आणि आवाज चढवला नाही. तो म्हणाला की तुम्ही म्हणता ते खरं असेल, मला वाटतं खरंच असेल. पण जुन्या कामावरची नावं एकाच्या शब्दावर आम्ही बदलत नाही, नाहीतर उद्या कुणीही येऊन कुणाचंही काम माझं म्हणेल. आणि चावीचं म्हणाल तर, ज्या धीरजला मी ओळखत होतो तो रोज मला लिहायचा आणि रोज खोटं नाव सांगायचा.

"तुमचं काम माझ्या ओळखीचं आहे," म्हातारा म्हणाला. "तुम्ही नाही. चावी आम्ही माणसाच्या हातात देतो."

वाटल्यास आपल्या नावानं खातं उघडा, सगळे करतात तशी लहानशा कामापासून सुरुवात करा, मी वाचीन, एवढं बोलून त्यानं निरोप घेतला. पडदा काळा झाला.

धीरज म्हणाला की तू मला तोंडघशी पाडलंस. मग खोलीत येरझाऱ्या घालत त्यानं बरंच काही ऐकवलं, घराण्याची अब्रू वगैरे, जी त्याला आत्ताच आठवली होती. संध्याकाळी तो चौकात मित्रांना सांगत होता की परदेशातली पोस्ट आली होती, पण क्लासच्या व्यापात जमणार नाही म्हणून नको म्हटलं. लोकांनी माना डोलावल्या. फ्लेक्सवरचं 'आंतरराष्ट्रीय' अजून तसंच आहे, जाऊन बघा.

कामिनीला तो काय बरळतो याचं आता काही वाटेना. तिला म्हाताऱ्याचं बोलणं लागलं होतं. त्यात एक शब्द खोटा असता तर तिनं त्यालाही इतरांच्या रांगेत बसवून मोकळं केलं असतं.

दोन-तीन दिवस गेल्यावर ती सासूला म्हणाली की शहाद्याला जाऊन येते, सिमकार्ड घ्यायचंय. कुणाच्या नावानं, असं जसोदाबाईनं विचारलं नाही. पायात चपला घातल्या आणि स्कुटीच्या मागे बसली. दुकानातल्या पोऱ्यानं आधारकार्ड बघून विचारलं की भाऊंच्या नावानं नको का, ऑफर आहे. जसोदाबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुढे काही विचारलं नाही.

नव्या नंबरावर ओटीपी आला. कामिनीनं खातं उघडलं आणि नावाच्या जागी फक्त कामिनी लिहिलं. मग 'जवळचा शोध' कसा वापरायचा हे सांगणाऱ्या पानावर तिची स्वतःची एक ओळ चुकली होती, परिच्छेदांविषयीची, ती दुरुस्त केली. लहान काम, म्हातारा म्हणाला होता तसं. दुरुस्ती पाठवली आणि वाट बघत बसली.

उत्तर लगेच आलं, कारण ते माणसानं लिहिलेलं नव्हतं. कुणीही नवीन आलं की आपोआप जाणारा तो ठरलेला निरोप होता. त्यात लिहिलं होतं: प्रिय कामिनी, हे तुमचं आमच्याकडचं पहिलंच योगदान दिसतंय, स्वागत आहे. नवख्यांकडून काही चुका नेहमी होतात, तेव्हा तुमचं काम वाचलं जाण्याआधी कृपया सूचनापत्रिका वाचा. चांगलं काम कसं असतं हे कळण्यासाठी धीरज पाटील यांचा 'जवळचा शोध' नमुना म्हणून दिला आहे, तो काळजीपूर्वक अभ्यासावा.

खाली एक रिकामा चौकोन होता. 'मी हा नमुना वाचला आहे आणि मला तो समजला आहे.' त्यावर खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. पलीकडच्या खोलीत पंख्याखाली धीरज घोरत होता. कामिनीनं खूण केली.